तिसरं कोटेशन

"हॅलो?… हॅलो, कोण?… धर्मपाल! हव, हव, बोल ना. मी आत्ता तुलेच फोन लावून राहिलो होतो."

ही पहिली थाप. गेल्या दोन दिवसांत धर्मपालचा फोन रत्नाकररावांनी सात वेळा वाजू दिला होता. आठव्यांदा वीणाताईंनीच तो उचलला, बटण दाबलं, नवऱ्याच्या कानाला चिकटवला आणि समोर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या.

"तब्येत? तब्येत बरी आहे… थोडा कफ… नाही, ताप नाही. तू सांग. पत्र… पत्र भेटलं ना तुले?… परवा?… हं."

कट्. एक शेंग मोडली.

"धर्मपाल, हे पाह्य, ते पत्र कमिटीचं आहे. कमिटीनं ठरवलं. बाबाराव अध्यक्ष आहेत, त्यायनं… हव, सही माझी आहे. सही माझीच राहते ना बाप्पा, प्रोजेक्ट इनचार्ज मी! पण ती… ती नुसती सही आहे."

नुसती सही! हे ऐकून भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकली. रेल्वेच्या भांडार खात्यात छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस. डझनभर खिळे घ्यायचे असले तरी तीन कोटेशनं आल्याशिवाय खिळ्याकडे बघत नसे. वीणाताईंना पाहायला गोंदियाला गेले ते सुद्धा आधी दोन मुली पाहून; नियम म्हणजे नियम. म्हणून तर रायपूरच्या विदर्भ मित्र समाजाने डंगनियातल्या आपल्या नव्या भवनाचं सगळं काम निवृत्त रत्नाकररावांच्या हवाली केलं. सगळे ठेकेदार त्यांच्या हाताखाली. भवनातला नाटकांचा मंच अकरा महिने धर्मपाल सुतार करत होता. तीन दिवसांपूर्वी त्याचं काम काढून घेतल्याचं पत्र निघालं, आणि ते अभनपूरच्या भार्गव नावाच्या ठेकेदाराला द्यायचं ठरलं.

"तुह्या कामाले कोणी नाव नाही ठेवत रे. पण भार्गव वीस दिवसांत करून देतो म्हणून राहिला, तर कमिटी म्हणे की… काय?… कुठी आहे तू?… अभनपूरले? अभनपूरले काहून गेला तू?"

रत्नाकरराव उभे राहिले. मग पाय आहेत का ते पाहावं तसे खाली बघून पुन्हा बसले.

"भार्गवले भेटाले… अच्छा… नाही, पत्ता आहे ना! फाइलीत आहे. फाइल भवनात. भवनाची चाबी बाबारावकडं. बाबाराव… बाबाराव झोपले असन… हव, अकरा वाजले, माहीत आहे मले. पण धर्मपाल, तू त्याच्याशी भांडण करू नको हं. भल्या माणसाचं… नाही? भांडाले नाही गेला?… मग?"

आता बराच वेळ ते नुसतेच ऐकत राहिले.

"फर्मे?… मंचाच्या गोलाईचे? ते मोटरसायकलवर बांधून तिथवर नेले तू?… अरे, पण ते तुह्या हातचे आहेत, तुह्या मेहनतीचे. त्याले कशाले देतं?… कोणता कोपरा?… डाव्या कोपऱ्यात भिंत चार बोटं बाहेर आहे? मले कोणी सांगितलं नाही… तू सांगितलं होतं?… हं. हव. सांगितलं होतं. दोनदा."

कट्. कट्.

"बरोबर आहे तुह्यं. फर्म्याशिवाय फळ्या कापल्या तर कोपऱ्यात फट राहणार… पोट्टे नाचतील त्याच्यावर… पाय जाईन एखाद्याचा आत. बरोबर आहे."

धर्मपालने शिव्या दिल्या असत्या तर रत्नाकररावांची तयारी होती. शिव्या देणारे ठेकेदार त्यांनी छत्तीस वर्षांत पोतीभर पाहिले होते. त्यांना काय उत्तर लिहायचं त्याचे नमुने तयार असत. पण काम काढून घेतलेला सुतार, काम घेणाऱ्याला आपले लाकडी साचे द्यायला सत्तावीस किलोमीटर ऊन खात जातो, याला काय उत्तर लिहायचं, हे रेल्वेने शिकवलं नव्हतं.

"मग आता असं कर, तू वापस ये. फर्मे भवनात ठेव. मी पोचवतो… नाही नाही, तू कशाले शोधतं उन्हातान्हात?… कोणाले विचारलं?… चहावाल्याले. आणि तो काय म्हणे?… ओळखतो?"

शेंगा मोडायच्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

"कोणाले ओळखतो? भार्गवले?… थांब, थांब, थांब. कोणाच्या पोरीच्या लग्नातला पलंग?… भार्गवनं केला?… लाकूड हुंगून झाडाचं वय सांगते ते तर मीच तुले सांगितलं होतं, चहावालाही तेच म्हणून राहिला?… आणखी काय म्हणे?… मगरीशी कुस्ती? नाही, ते मी नव्हतं सांगितलं."

कसं सांगणार? मगर सोडली तर बाकीचा भार्गव रत्नाकररावांचाच होता. म्हणजे असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठे नव्हताच. तो जन्मला याच घरात, चौबे कॉलोनीत, जेवणाच्या टेबलावर. मंचाच्या फाइलीला तिसरं कोटेशन हवं होतं आणि ते येत नव्हतं. तीन नसतील तर फाइल अपुरी, आणि अपुरी फाइल रत्नाकररावांना अर्धवट दाढी केल्यासारखी वाटे. त्यांनी कॉम्प्युटरवर 'भार्गव फर्निचर वर्क्स, अभनपूर' असं छान कागदावर काढलं, गोल बाजारातून रबरी शिक्का करून आणला, फाइल पुरी केली. इथवर ठीक. पण पुढे धर्मपालचं काम जरा अडलं की रत्नाकरराव म्हणायचे, "काल भार्गवचा फोन आला होता." आधी नुसता फोन येई. मग भार्गवकडे मशीन आली. मग त्याला मिशा फुटल्या. मग त्याने धमतरीत अकरा दिवसांत असा मंच बांधला की त्यावर चाळीस जण नाचले तरी खिळा कुरकुरला नाही. धर्मपालने हात भरभर चालवावा म्हणून सांगितलेल्या या गोष्टी कमिटीच्या कानी गेल्या, आणि रविवारी बाबारावांनी टेबलावर हात आपटला: "इतका हुशार माणूस आहे तर त्यालाच द्या ना काम!"

नाही म्हणायचं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा सही सोपी होती.

"हॅलो?… आहे ना, ऐकून राहिलो. काय?… राजिमले? राजिमले जाऊ नको! अजिबात नको!… स्वानंदले विचाराले?… त्यानं दुसरं कोटेशन दिलं होतं म्हणून त्याले भार्गवचा पत्ता माहीत असन?… नाही, त्याले माहीत नाही… मले कसं माहीत म्हणजे? मले माहीत आहे! रस्ता खराब आहे राजिमचा… चांगला झाला? कधी?"

घाम पुसायला रत्नाकररावांनी जे फडकं उचललं ते गवारीचं होतं. कपाळाला दोन देठ चिकटले. वीणाताईंनी पाहिलं, पण सांगितलं नाही.

"नाही, धर्मपाल, 'दिरंगाई' असं लिहावं लागते. ठेका रद्द करायचा तर कारण टाकावंच… हव, माहीत आहे. मंचाखालून वायरिंगचे पाइप आधी पडाले पाहिजे होते… पाइप पडल्याशिवाय तू फळ्या कशा ठोकशील, समजते ना मले… बावीस दिवस, हव… हळू बोल जरा. नाही, तू हळूच बोलून राहिला, मीच मोठ्यानं… हव बाप्पा, प्रफुल्लनं उशीर केला. प्रफुल्लनंच. पण तू मले तसं लिहून काहून नाही दिलं? एक चिठ्ठी दिली असती तर… काय?… तुमच्या घरचा माणूस आहे म्हणून?"

गवारीची शेंग वीणाताईंच्या हातात अर्धी वाकून तशीच राहिली. प्रफुल्ल म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. भवनाच्या विजेचं काम त्याच्याकडे. आजवर त्यांना घरात सांगितलं गेलं होतं की सगळं त्या सुतारामुळे अडलंय. परवा हळदीकुंकवात चार बायकांना त्यांनीही तसंच सांगितलं होतं.

"अगं, ऐक ना… नाही, तुले नाही, धर्मपाल. एक मिनिट… अगं, मी सांगणार होतो तुले. तुह्या भावाले वाईट वाटलं असतं म्हणून… हव, हव… पण ऐक तर! पोरगा नवीन आहे, पहिलंच काम, त्याले नोटीस द्यायची तर… हव. याले दिली. हव… हॅलो, धर्मपाल? नाही, काही नाही, टीव्ही चालू आहे."

टीव्ही बंद होता. टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली तो शांत झोपला होता.

"संपदा? कशी आहे तुही पोरगी?… कोणतं पत्र?… तिनं वाचून दाखवलं तुले?… चष्मा भवनात राहिला तुहा, हव, खिडकीत दिसला होता मले… मग?… कोणता शब्द अडला?"

रत्नाकररावांना कोणता ते आधीच कळलं. तो त्यांनीच घातला होता. बाबारावांनी 'विलंबामुळे' एवढंच म्हटलं होतं. पण तेवढ्यावर कागद लंगडा वाटला, म्हणून रत्नाकररावांनी 'विलंब व निष्काळजी कामामुळे' केलं होतं. वाक्याला वजन येतं.

"निष्काळजी… हव. हिंदी शाळेत जाते ना ती. मराठी समजते, पण असे शब्द… मग तू सांगितला अर्थ?… काय सांगितलं?"

पलीकडून एकच शब्द आला असावा.

"लापरवाह," रत्नाकरराव स्वतःशी म्हणावं तसं म्हणाले. "हं… आणि ती?… घडी घालून परत दिलं तुले. हं."

त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. त्या कानालाही तो गरमच लागला.

"धर्मपाल, ऐक. मले तुले एक सांगाचं आहे. मधात बोलू नको, नाही तर राहून जाईन. तो भार्गव जो आहे ना… तो जो अभनपूरचा… त्याचं असं आहे, की तो… काय?… कोण भेटला?"

"भार्गव भेटला?"

हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

"कुठून आला तो?… चहावाल्यानं बोलावून आणला… अरे, पण… नाही, मले नको देऊ फोन! धर्मपाल, नको… हॅलो? जी. जी, नमस्ते… आप भार्गव बोल रहे हैं… जी… फर्नीचर का काम, अच्छा… अभनपुर में ही, तीस साल से… पलंग, दरवाज़े… मंच भी? मंच किया है आपने कभी?… हो जाएगा… कितने दिन में?… अठारह?"

आपण कागदावर काढलेला माणूस फोनवर येऊन दोन दिवस कमी सांगतो, असं रत्नाकररावांच्या बाबतीत यापूर्वी घडलं नव्हतं. त्यांच्याच्याने राहवेना.

"भैया, एक बात पूछूँ? आपको मूँछ है क्या?… है."

देवाने दार उघडून आत दिवा लावून ठेवला होता. 'पाँच बजे मीटिंग में रायपुर आ जाइए' एवढं म्हटलं की झालं. फाइल खरी. शिक्का खरा. कमिटीत मान तसाच. फर्मे घेऊन भार्गव इकडे येईल, आणि धर्मपाल रिकामी मोटरसायकल घेऊन घरी जाईल. घरी तो एक शब्द बसलेला असेल, संपदाच्या दप्तराशेजारी. तेवढाच काय तो हिशेबाबाहेर राहणार.

रत्नाकररावांनी 'पाँच' म्हणायला ओठ मिटले. समोर वीणाताई बसल्या होत्या. शेंगा नव्हत्या मोडत. नुसत्या पाहत होत्या.

"भैया… आप वो नहीं हैं… हाँ, आप भार्गव हैं, मैं कहाँ मना कर रहा हूँ! लेकिन वो भार्गव नहीं हैं… वो? वो कोई है ही नहीं… मैंने बनाया था उसको… नहीं भैया, फर्नीचर नहीं, आदमी बनाया था… आधार कार्ड मत निकालिए, मुझे फोन पर कैसे दिखेगा… गुस्सा सही है आपका. आपके नाम से मैंने बहुत झूठ बोला है, आपको पता भी नहीं. माफ़ कीजिए. जिनकी गाड़ी पर लकड़ी बँधी है ना, उनको फोन दीजिए… जी… मगर वाली बात मेरी नहीं है, वो चायवाले से पूछिए."

मग ते थांबले. एक श्वास घेतला, तो अर्ध्यात खोकल्यात गेला.

"धर्मपालभाऊ. तुम्ही ऐकलं?"

अकरा महिने 'अरे धर्मपाल, तू' होतं. आज जीभ आपोआप 'तुम्ही'वर आली, आणि ती आदराने आली नव्हती हे रत्नाकररावांनाही कळत होतं. तोंड लपवायला माणूस हाताला लागेल ते ओढून घेतो.

"हव, स्पीकरवर जे ऐकलं तेच. ते कोटेशन मीच टाइप केलं. धमतरीचा मंच नाही, चाळीस जण नाही, काहीच नाही… तुम्हाले पळवाले म्हणून सांगत होतो… हव, तुम्ही दोन रविवार पोरांना सोडून कामावर आले, ते त्याच्याच नावानं… माहीत होतं. सही करताना माहीत होतं. उशीर तुमचा नव्हता हेही माहीत होतं… हव. तो शब्दही मीच घातला… कशाले? काय सांगू कशाले. वाक्य बरं दिसत होतं."

पलीकडे अभनपूरच्या बाजारातला आवाज तेवढा येत राहिला. कुणी टोमॅटो विकत होतं. बसचा हॉर्न. रत्नाकरराव त्या टोमॅटोवाल्याचं ऐकत राहिले, जणू भाव विचारायचा होता.

"बोला ना काही… शिव्या द्या. द्या ना, मले बरं वाटन… काय?… कमिटीले काय सांगू?… भार्गवनं काम घ्यायले नाही म्हटलं, असं? आणि तुम्ही मंच पुरा करून देता… कोणाले काही सांगत नाही… धर्मपालभाऊ, तुम्ही मले वाचवून राहिले?"

आतापर्यंत लाज गुडघ्यापर्यंत होती. आता नाकात पाणी गेलं. आणि तरी, स्वभाव म्हणा, छत्तीस वर्षांची सवय म्हणा, जीभ एकटीच पुढे धावली.

"तसं सांगता येईन म्हणा… की मशीनमध्ये त्याचा हात गेला, उजवा, तीन बोटं, मेकाहारा दवाखान्यात भरती आहे, आणि… नाही. नाही, धर्मपालभाऊ. नाही कापत त्याचा हात. पाच वाजता मीटिंग आहे. मी सांगतो. बाबारावांसमोर, सगळ्यायसमोर… काढून टाकतील मले, टाकू द्या… उद्घाटनात नारळ दुसरं कोणी फोडन. प्रफुल्लचे बावीस दिवसही सांगतो… हव, वीणा इथंच आहे, ऐकून राहिली… अगं, माझ्या टेबलाच्या खालच्या खणात रबरी शिक्का आहे. तेवढा आण. पुरावा लागन ना, नाही तर बाबाराव म्हणतील भार्गव खराच आहे, हा त्याले लपवून राहिला."

वीणाताई उठल्या. आत खण ओढल्याचा आवाज आला, तो जरा जास्तच वेळ येत राहिला. बाहेर येऊन त्यांनी गवारीच्या ताटलीशेजारी शिक्का ठेवला. मग पदराखालून दुसरा काढला आणि पहिल्याला चिकटवून उभा केला.

रत्नाकरराव त्या जोडीकडे पाहत राहिले.

"हॅलो… हव, आहे मी. वीणानं शिक्का आणला… दोन आणले. धर्मपालभाऊ, मघाशी मी तुम्हाले राजिमले जाऊ नका म्हटलं होतं ना… तर रस्ता चांगला आहे राजिमचा. पण तिथं जाऊन काही फायदा नाही… हव. स्वानंदही… तोही मीच."

पुन्हा टोमॅटो. पुन्हा हॉर्न. रत्नाकररावांनी फोनवर हात ठेवला.

"अगं, अशी पाहू नको. त्या दोन मुली खऱ्या होत्या!… एक तर नक्कीच होती."

हात काढला.

"हॅलो?… हव… हव, बरोबर समजले तुम्ही. तीन कोटेशनं नव्हतीच. एकच होतं, तुमचं. सात जणायले विचारलं होतं मी, पायी फिरलो. ती तिरपी भिंत पाहून कोणी 'कळवतो' म्हणे, कोणी कळवतही नव्हतं. तुम्ही एकटे आले. पायरीवर बसून अर्धा दिवस ती भिंत मोजली तुम्ही… हव, आठवते मले. चहा पाजला नव्हता, तेही आठवते… हसून राहिले काय?… नाही हसत. बरं."

कपाळावरचा एक देठ आता गळून चष्म्यावर आला. तो काढायचं त्यांना सुचलं नाही.

"फर्मे घेऊन सरळ भवनात या. पाचच्या आधी नका येऊ, माझं बोलून होऊ द्या… मागायचं ते मागा… नवीन पत्र? देतो ना. ते रद्द केल्याचं, आणि उशीर तुमचा नव्हता, काम चोख आहे असं… हिंदीत?… हव. हव, समजलं. संपदाले वाचता येईन असं. सोपं लिहितो… आज रात्रीच तिच्या हातात द्या… कोणाची? माझीच. खाली माझी सही."

रत्नाकररावांनी ताटलीशेजारचे ते दोन शिक्के उलटे केले. रबराची अक्षरं वर आली, निळी, उलटी.

"नाही, धर्मपालभाऊ. शिक्का नाही. नुसती सही… ठेवतो."